पुलापलीकडचं दीपगृह

पुलाच्या मधोमध आल्यावर चित्र पुन्हा थिजलं. खालचं पाणी आधी काळं पडलं, मग पुलाचे कठडे दातेरी झाले, आणि पाठमोरा चालणारा टोपीवाला माणूस उचललेला पाय तसाच अधांतरी धरून उभा राहिला. मावशीने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले. यंत्राचे पंखे एकदा जोरात घुमले आणि पडदा कोरा झाला.

"गेलं?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"गेलं," मावशी म्हणाली.

यात नवल काहीच नव्हतं. रोज सकाळी हे असंच व्हायचं. त्या हॉलला सगळे लॅब म्हणत, पण होता तो एक लांबलचक हॉल, वर पांढऱ्या नळ्यांचे दिवे आणि खाली टेबलांच्या रांगा. टेबलांवर झाकणं काढलेले संगणक, आतड्यांसारख्या वायरी बाहेर लोंबताहेत, आणि प्रत्येकात कंपनीचं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं. पडद्यावरचं चित्र रंगवायचं काम हे कार्ड करतं, एवढं मावशीला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं होतं आणि तेवढ्यावर तिचं आजवर भागलं होतं.

अशी कार्डं विकणाऱ्या मोठ्या कंपन्या बाजारात दोनच होत्या. वर्षानुवर्षं त्यांचंच राज्य. मग एक काळ असा आला, की कार्डांचा दुष्काळ पडला. दुकानांबाहेर रांगा लागायला लागल्या, मिळेल ते कार्ड लोक सांगाल त्या भावाने उचलायला लागले. अशा वेळी आपलीही डाळ शिजेल, असं या तिसऱ्या कंपनीला वाटलं आणि ती बाह्या सरसावून उतरली. नवे खेळ तिच्या कार्डावर बरे चालत. अडत होतं ते जुन्या खेळांपाशी. ते सगळे त्या दोन कंपन्यांच्या कार्डांवर बेतलेले. आणि माणूस नवं कार्ड घेऊन घरी जातो तेव्हा पहिल्यांदा लावून बघतो तो आपला जुना, आवडता खेळ. तो मोडला की कार्ड दुसऱ्या दिवशी दुकानात परत येणार. म्हणून जुने खेळ एकेक करून चालवून बघायला आणि चित्र कुठे फाटतंय ते सांगायला माणसं घेतली होती.

मावशी त्यांतली एक. त्याआधीची सगळी वर्षं तिने कापडगिरणीच्या तपासणी खात्यात काढली होती. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि तिने उभ्या-आडव्या धाग्यांतला सुटलेला धागा पकडायचा. गिरणीला कुलूप लागलं. मग एका ओळखीच्या कंत्राटदाराने सांगितलं, की एका ठिकाणी चांगल्या डोळ्यांची माणसं हवी आहेत. खेळायला येतं का, असं तिथे कुणी विचारलं नाही हे बरं झालं, कारण लपंडावातसुद्धा कायम राज्य येणारी बाई ती. सगळ्यांत वयस्कर म्हणून पहिल्या आठवड्यातच तिची मावशी झाली. खुद्द मॅनेजर मॅडमसुद्धा मावशी म्हणत.

प्रत्येक खेळात एक वाट नेमून दिलेली असे. त्याच वाटेने रोज जायचं, म्हणजे काल काय दिसलं आणि आज काय दिसतंय याचा मेळ बसतो. या खेळातली वाट अशी: होडीतून उतरायचं, जाळी वाळत घातलेल्या किनाऱ्याने पुढे जायचं, पाणचक्कीपाशी उजवीकडे वळायचं, निळ्या दारांच्या गावातून बाहेर पडायचं, की पूल. पुलापलीकडे टेकडी आणि टेकडीवर दीपगृह. मारामारी, तलवारी, खजिना वगैरे सगळं त्या खेळात होतं म्हणे. मावशीचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिने नुसतं दीपगृहाच्या माथ्यापर्यंत चालत जायचं होतं. आणि महिनोन् महिने चालून ती पुलाच्या मध्यापलीकडे पोचली नव्हती.

*

"आज कुठवर गेलीस?" उस्तादने विचारलं.

"पुलापर्यंत."

"पुन्हा?"

"पुन्हा."

उस्ताद म्हणजे मावशीचा नवरा. लांब पल्ल्याचे ट्रक चालवण्यात त्याची उमर गेली आणि रस्त्यावरच्या लोकांनी दिलेलं उस्ताद हे नाव घरीही चिकटलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. तेव्हापासून खिडकीशी खाट, खाटेवर उस्ताद, आणि दिवसभर त्याच्याजवळ त्याची थोरली बहीण, आक्का. जीभ जराशी जड झाली होती, पण बोलणं कळत असे. डोकं तर पहिल्यासारखंच शाबूत.

पूर्वी हा प्रश्न मावशी विचारायची. उस्ताद पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचा, हातपाय धुऊन भिंतीला पाठ लावून बसायचा, आणि ती शिवणाला हात घालत म्हणायची, "कुठवर जाऊन आलात?" मग तो घाट सांगायचा, नद्या सांगायचा, कुठल्या वळणावर दरीतून वारा कसा अंगावर येतो ते सांगायचा. घर ते गिरणी आणि गिरणी ते घर एवढीच वाट पायांखालची असलेल्या मावशीने अर्धा देश असा भिंतीला टेकून पाहिला. एका फाट्यावर मोठ्या धबधब्याची पाटी होती, त्या पाटीजवळून तो वर्षानुवर्षं गेला. तिने एकदा विचारलं, धबधबा कसा आहे? तो म्हणाला, "मी गेलो नाही. पाटी बघितली. पाटीचं सांगू?" जिथे आपण पोचलो नाही तिथलं सांगायचं नाही, हा त्याचा नेम. ऐकीव गोष्टी सांगणारे ड्रायव्हर त्याला मुळीच आवडत नसत.

आता तो पडून होता आणि ती जात होती. सुरुवातीला काहीतरी बोलायचं म्हणून तिने होडी आणि जाळी सांगितली. उस्तादने डोळे मिटून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी, ती चपला काढते न काढते तोच, हाक मारली. त्यानंतर त्यात खंड पडला नाही.

"पूल दगडी म्हणालीस ना? रुंद केवढा?"

"दोन गाड्या अंग चोरून जातील एवढा."

"समोरून कुणी येतं?"

"कुणीच येत नाही. तिथे गाड्याच नाहीत."

"मग एवढा रुंद बांधला कशाला?" उस्ताद म्हणाला. "आणि मधेच मोडतोय म्हणजे कंत्राटदाराने पैसे खाल्ले."

"इंजिनिअर म्हणतो, कार्ड चांगलं आहे हो, ड्रायव्हर कच्चा आहे." कार्डाला आणि संगणकाला एकमेकांशी बोलायला लावणारी जी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात, हे तिने त्याला मागेच समजावलं होतं.

उस्ताद त्याच्या वाकड्या झालेल्या तोंडाने हसला. "मालक लोक कायम हेच म्हणतात."

आक्का ताटल्या आवरत होती. तिला हा सगळा प्रकार पोरखेळ वाटे. "जे गाव नाहीच, त्याच्या वाटा काय विचारतोस रे," ती म्हणाली. पण पाणचक्कीचं सांगून झालं नसेल तर तीही दारात थांबायची.

"दीपगृह दिसतं का पुलावरून?" उस्तादने विचारलं.

"दिसतं. वरचा भाग दिसतो."

"वर दिवा आहे?"

"असेल."

"असेल नको," उस्ताद म्हणाला. "पोचलीस की सांग."

*

लॅबमध्ये रोज सकाळी सगळे अर्धवर्तुळात उभे राहत आणि ज्याला जो सगळ्यांत वाईट दोष सापडला असेल तो एका वाक्यात सांगत. मग मॅडम दोष वाटून देत. काही दोषांना त्या म्हणत 'आजच', काहींना 'या महिन्यात', आणि उरलेल्यांना 'जमेल तेव्हा'. जमेल तेव्हा याचा अर्थ कधीच नाही, हे हॉलमधल्या खुर्च्यांनाही ठाऊक होतं. पुलाचा दोष जमेल तेव्हामध्ये होता.

एका सकाळी दोष विचारण्याआधी मॅडम स्वतःच बोलल्या. कार्ड बाजारात यायची तारीख ठरली होती. पण बाजार पहिला राहिला नव्हता. दुष्काळ सरला होता. ज्यांनी पूर्वी ढिगाने कार्डं घेतली होती ते आता ती वापरलेली कार्डं कवडीमोलाने विकत होते, आणि त्या दोन मोठ्या कंपन्या भाव उतरवणार अशी कुजबुज होती.

"त्यामुळे आता फक्त वरचे वीस खेळ," मॅडम म्हणाल्या. "लोक ज्यांचे व्हिडिओ करतात ते. जुन्या खेळांकडे सध्या कानाडोळा करायचा. महिनाअखेरीला त्यांची यादीच बंद."

मावशीला कधी कुणाकडे काही मागायची सवय नव्हती. त्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत उठून इंजिनिअरच्या टेबलापाशी गेली. हा इंजिनिअर म्हणजे ड्रायव्हरवाला. खांदे पुढे पडलेला, कायम जागरण झाल्यासारखा दिसणारा माणूस. मागे एकदा टोपीवाल्याची सावली पडत नव्हती ती त्यानेच दुरुस्त केली होती.

"पुलाचं काम होईल का?" तिने विचारलं.

"मावशी, तो खेळ आता खेळतं कोण?"

"मी."

तो हसला, आणि ती हसत नाही हे बघून थांबला. "माझ्याकडे केसांचं काम आहे हो," तो म्हणाला. "तो सध्याचा लढाईचा खेळ आहे ना, सगळ्यात जास्त चालणारा, त्यात माणसांचे केस लुकलुकतात. ट्यूबलाइट खराब झाल्यासारखे. ते सोडून पुलावर बसलो तर मॅडम मलाच खाली ढकलतील."

"पलीकडे काय आहे, तुम्ही बघितलंय?"

"कॉलेजात असताना खेळलोय मी तो. दीपगृहात ना? सांगू?"

"नको," मावशी म्हणाली आणि डबा उघडायला परत आली.

उस्तादचं मात्र ठीक नव्हतं. तो आता ऐकता ऐकता पाणचक्कीपाशीच झोपी जाऊ लागला. जाग आली की विचारायचा, "पूल झाला?" कधी एकाच संध्याकाळी दोनदा विचारायचा. डॉक्टर येऊन रक्तदाब बघून गेले आणि जाताना दाराबाहेर आक्काशी हळू आवाजात बोलले.

आक्काने मावशीला स्वयंपाकघरात गाठलं. "सांगून टाक ना पोचलीस म्हणून," ती म्हणाली. "वर दिवा आहे, समुद्र दिसतो, काय वाटेल ते सांग. त्याच्या जिवाला बरं वाटेल."

"मी पोचले नाही, आक्का."

"त्याला काय कळणार आहे?"

"मला कळेल ना."

आक्काने कपाळावर हात मारला. "दोघंही एका माळेचे मणी," ती म्हणाली, पण पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

त्या रात्री मावशीने बराच विचार केला असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. तिने भांडी घासली, औषधं दिली, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागली. सकाळी लॅबमध्ये अर्धवर्तुळात तिची पाळी आली तेव्हा तिचंच बोलणं तिला ऐकू आलं.

"शर्यतीच्या नव्या खेळात चित्र थिजलं," ती म्हणाली. "पुलावर. पाणी काळं पडलं आणि बंद. जुन्या खेळात होतं तसंच."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. शर्यतीचा खेळ हा त्या वीस खेळांतला पहिला. कार्ड बाजारात येईल त्या दिवशी मंचावर तोच चालवून दाखवायचा ठरला होता.

मॅडमनी विचारलं, "नक्की ना मावशी?"

"नक्की."

गिरणीत इतकी वर्षं काढून तिने एकदाही कापडाचा फाटका तागा चांगला म्हणून पुढे ढकलला नव्हता आणि चांगल्याला फाटका म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. आता छातीत धडधडेल म्हणून ती वाट बघत राहिली, पण धडधडलं नाही. नवऱ्याशी खोटं बोलायचं नव्हतं म्हणून ती इथे खोटं बोलली होती, आणि हा सौदा तिला त्या वेळी तरी सरळ वाटला.

मॅडमनी इंजिनिअरला केसांवरून काढलं आणि पुलावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "कुठल्या पुलावर झालं, मावशी?"

"पहिल्या."

"मी दिवसभर गाडी पळवली. होत नाही."

"एकदाच झालं."

तो काही क्षण तिच्याकडे बघत राहिला. ती पडद्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांवर सगळ्या हॉलचा विश्वास होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"जुन्या खेळात मात्र दर वेळी होतं," तो म्हणाला. "म्हणजे तिथूनच धरावं लागणार."

"हो," मावशी म्हणाली.

*

आक्काचा फोन आला तेव्हा मावशी निळ्या दारांच्या गावात होती. आक्का नुसतं "ये" म्हणाली. मावशीने टोपीवाल्याला तिथेच एका दाराशी उभं केलं आणि पिशवी उचलली.

दवाखान्याच्या लांब बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या; एक माणूस उठला की सगळ्या हलत. दुसरा झटका मोठा होता. डॉक्टरांनी आधी उपाय सांगितले, मग उपायांच्या मर्यादा सांगितल्या. वाचा गेली होती. ऐकू येत असावं. ऐकलेलं कळतं की नाही, हे सांगता येणार नाही. मावशीने मान हलवली आणि विचारलं, की त्यांना पाणी कसं पाजायचं. आक्का रडत होती. मावशीला रडू आलं नाही. यायला हवं होतं असं तिला वाटलं, पण तेही दुसऱ्या कुणाबद्दल वाटावं तसं.

काही दिवसांनी उस्तादला घरी आणलं, त्याच खिडकीशी, त्याच खाटेवर. डोळे उघडे असत. आढ्याकडे लागलेले असत म्हणा, किंवा त्याच्याही पलीकडे कुठेतरी. हालचाल उरली होती ती डाव्या हाताची. तो हात चादरीवर मूठ वळून मागे यायचा, जरा थांबायचा, पुढे जायचा, पुन्हा मागे.

"गिअर टाकतोय गं," आक्का म्हणाली.

मावशीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तशी हालचाल होते, तिला अर्थ नसतो. आणि खरंच तो हात दिवसभर हलायचा. जेवण भरवताना, अंग पुसताना, खोलीत कुणी नसतानाही. झोपेतच काय तो थांबायचा.

सुट्टीच्या त्या दिवसांत मावशीने एकही वाट सांगितली नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंही, आणि कुणी विचारलंही नाही. संध्याकाळ झाली, की ती सवयीने खाटेजवळच्या खुर्चीत येऊन बसायची आणि प्रश्नाची वाट बघायची. बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात यायचं, मग ती उठून दिवा लावायची.

*

कार्ड बाजारात आलं तेव्हा ती घरीच होती. ती परत गेली तोवर सगळं आटोपलंही होतं. हॉलमधली अर्धी टेबलं रिकामी झाली होती. ज्या जागी यंत्रं असायची तिथे धुळीचे चौकोन होते, आणि दोन हमाल खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होते.

इंजिनिअर आपल्या खणातल्या वस्तू पिशवीत भरत होता. तिला बघून त्याने खुर्ची पुढे केली. "कसे आहेत ते?" त्याने विचारलं.

"आहेत."

"तुमचा पूल झाला," तो म्हणाला. "तुम्ही गेलात त्याच आठवड्यात सापडलं. पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं ना, तिथे गाठ पडली होती. सुटली."

मावशीने मान हलवली. मग विचारलं, "आणि केसांचं?"

"ते राहिलं." त्याने मोबाइल उघडून तिला एक व्हिडिओ दाखवला. कार्ड तपासून बघणारा एक माणूस पोट धरून हसत होता आणि त्याच्या मागे मोठ्या पडद्यावर एका शूर सेनापतीचे केस लुकलुकत होते. लाखो लोकांनी ते पाहिलं होतं. त्याच आठवड्यात त्या दोन्ही कंपन्यांनी भाव पाडले. दुकानदारांनी काखा वर केल्या, आणि मुख्य कचेरीतून निरोप आला, की कार्डाचा विभाग बंद.

"शर्यतीच्या खेळात ते कधीच नव्हतं ना?" इंजिनिअरने विचारलं. आवाज चढा नव्हता.

"नव्हतं."

"मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं."

"मग थांबला का नाहीत?"

त्याने खांदे उडवले. "दर वेळी एकाच जागी मोडणारी गोष्ट हातात आली, की सोडवत नाही हो. केस कधी लुकलुकतात, कधी नाही. पूल प्रामाणिक होता."

मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने विचारलं, "माझ्यामुळे बुडालं का हे सगळं?"

"एका पुलाने कंपनी बुडत नसते. आपण उशिरा आलो, मावशी. दोन वर्षं आधी आलो असतो, तर केस लुकलुकले काय आणि अख्खा माणूस टकला दिसला काय, लोकांनी रांगा लावून घेतलं असतं." त्याने मोबाइल खिशात टाकला. "आता केस नीट असते तर निदान हसले नसते, एवढंच."

हे तो खरं सांगत होता की तिची समजूत काढत होता, हे तिला ओळखता आलं नाही. कापडात ती धागा धागा वेगळा करू शकत होती. इथे तसं करता येईना. रिकाम्या टेबलांवर बसणाऱ्या सगळ्यांचे चेहरे तिने आठवून पाहिले. वाईट वाटलं, पण दुरून; हातमोजा घातलेल्या हाताला गार पाणी लागावं तसं.

"माझं यंत्र आहे का अजून?" तिने विचारलं.

यंत्र होतं. त्याचं खोकं शेजारीच उघडं पडलं होतं. इंजिनिअरने हमालांना चहा पिऊन यायला सांगितलं आणि स्वतः वायर जोडून दिली. मावशीने चष्मा पुसला, हात की-बोर्डवर ठेवले.

होडी. जाळी. पाणचक्कीपाशी उजवीकडे. निळी दारं, त्यांतलं एक आज उघडं. मधे इतके दिवस गेले होते, पण बोटांना वाट पाठ होती. पूल आला. मध्यावर तिची बोटं आपोआप सैल झाली. पाणी काळं पडलं नाही. ते हललं, त्यात आभाळ हललं, आणि टोपीवाला एक पाऊल पुढे, मग दुसरं, असा पार पलीकडे उतरला.

पलीकडे लगेच चढ होता. रस्ता टेकडीला वळसे घालत वर जात होता, कडेला खुरटी झुडपं. ती सावकाश गेली. काही सुटू नये म्हणून दर वळणावर थांबून इकडेतिकडे बघत गेली. दीपगृहाचं दार ढकलल्यावर उघडलं. आत गोल जिना, आणि वर काचेची खोली. खोलीत एक लाकडी स्टूल होतं. दिवा होता, केवढा तरी मोठा, पण तो पेटत नव्हता. पेटवायची काही सोय दिसली नाही. खजिना नव्हता, पत्र नव्हतं, माणूसही नव्हता. काचेतून खाली सगळी वाट दिसत होती: पूल, गाव, चक्की आणि अगदी लांब, नखाएवढी होडी.

मावशीने सवयीने वरून खालपर्यंत नजर फिरवली. कडा जुळत होत्या. सावल्या जिथे पडायला हव्यात तिथे पडल्या होत्या. शोधायला काही उरलं नव्हतं.

"दोष नाही," ती म्हणाली. ऐकायला इंजिनिअर एकटाच होता. त्याने मान डोलावली.

हमाल चहा पिऊन आले आणि एकाने विचारलं, "बंद करायचं का?"

"करा," मावशी म्हणाली.

*

घरी आली तेव्हा आक्का उस्तादच्या पायांना तेल लावून उठत होती. नोकरी सुटली हे मावशीने तिला दोन शब्दांत सांगितलं. आक्काने चहाचं आधण ठेवलं.

मावशीने हातपाय धुतले आणि खाटेजवळच्या खुर्चीत येऊन बसली. उस्तादचे डोळे आढ्याकडे होते. डावा हात चादरीवर हलत होता. सवयीने तिने थोडी वाट बघितली. मग कुणी न विचारताच बोलायला सुरुवात केली.

"आज पूल ओलांडला," ती म्हणाली.

उस्तादच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

तिने पहिल्यापासून सांगितलं. होडी, जाळी, चक्की. निळ्या दारांतलं एक दार आज उघडं होतं, तेही सांगितलं. पाण्यात आभाळ कसं हललं ते सांगितलं. आक्का चहा घेऊन दारात आली. "अगं, त्याला आता..." ती म्हणाली.

"बसा ना आक्का," मावशी म्हणाली. "वरचं राहिलंय अजून. दिवा आहे तिथे, पण पेटत नाही. सांगते."

आक्का खाटेच्या पायथ्याशी टेकली. चहा तिच्या हातातच राहिला.

"पुलावरून उतरलं, की लगेच चढ लागतो," मावशी उस्तादला सांगू लागली. "मोठा आहे. आणि वळण अगदी तोंडाशीच."

चादरीवरचा हात पुढे गेलेला होता. तसा तो दिवसभर येत-जात होताच. मावशीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. मूठ सावकाश मागे येईपर्यंत ती वळणापाशी थांबली, आणि मग चढाचं सांगायला लागली.